तळ्याला दम लागला तेव्हा

"पाणी उतरलंय, आता कणीक टाकू नगा," असं गिरजाबाई मला म्हणाल्या होत्या. मी हसून मान हलवली आणि डबा उघडला.

डब्यात कणकेच्या गोळ्या होत्या. हवा बदलली की माझ्या लेकीच्या, दिव्याच्या छातीत घरघर सुरू होते. दर शनिवारी माशांना कणीक घाल, लेकराचा त्रास पाण्यात जाईल, असं सासूबाईंनी उदगीरहून सांगितलं होतं. मी बी.एस्सी. झालेय, पण लेकरू रात्रभर खोकलं की सकाळी माणूस कणीकही मळतं. माझं बघून सोसायटीतल्या बायकाही चिंचवडच्या या तळ्यावर डबे आणू लागल्या. कुणाची परीक्षा, कुणाचा व्हिसा.

गिरजाबाई गावठाणातल्या. तळ्यातल्या मासेमारीचा ठेका त्यांच्या घराकडे. रोज पायरीवर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी सुनवायच्या, म्हणून कुणी मनावर घ्यायचं नाही. मीही घेतलं नाही.

पावसाआधी बांधाची दुरुस्ती उरकायची होती, त्यामुळे तळ्याचं दार उघडून पाणी सोडणं चालू होतं. पाणी कमी झालं तसे मासे दाटीवाटीने जवळ दिसायचे. भुकेने वर येतात, असं म्हणत आम्ही खूश.

त्या शनिवारी आभाळ भरलेलं, वारा पडलेला. सगळे मासे तोंडं वर काढून उभे. दिव्याने टाळ्या वाजवल्या. मी टाकलेली गोळी एका कटला माशाच्या ओठाला लागून खाली गेली. त्याने खाल्ली नाही. दुसरीही नाही. तोंडाची उघडमीट मात्र चाललेली, कल्ले फडफडत होते. नेब्युलायझरचा मास्क लावण्याआधी दिव्याच्या बरगड्या अशाच आत ओढल्या जातात.

तिला कडेवर घेऊन मी गिरजाबाईंच्या दारात गेले. म्हटलं, माशांना श्वास पुरत नाहीये.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "भुकेनं वर येत्यात म्हणत व्हता ना तुमी?"

एवढाच टोमणा. मग नातवाला, रणजीतला उठवलं. तो चाकणची नाइट शिफ्ट करून नुकता आडवा झाला होता. त्याने बांधाचं काम बघणाऱ्या साहेबांना फोन करून तळ्याचं दार बंद करायला लावलं. पाण्यात हवा मिसळणारं कारंजं पाण्याबरोबर खाली जाऊन गाळात रुतलेलं. मग त्याने शेतावरचा डिझेलपंप आणला आणि तळ्याचंच पाणी उंच उडवून परत तळ्यात पाडायला सुरुवात केली.

मला गिरजाबाईंनी वेगळं काम दिलं. "तुमची मानसं तुमी सांभाळा. माझं कोन ऐकतंय?"

मी पायरीवर उभी राहून एकेकीचा डबा अडवला. सांगत होते, न खाल्लेली कणीक तळाशी कुजते, पाण्यातली हवा ओढून घेते, आणि आता पाणीच थोडं आहे. सोसायटीतल्या करिष्माच्या मुलाची सोमवारी परीक्षा. ती चिडून म्हणाली, तुझी कणीक टाकून झाली, आता आम्हाला नको का? मी म्हटलं, आधी कल्ले बघ. ती वाकली, बघत राहिली, मग डब्याचं झाकण लावून माझ्या शेजारीच उभी राहिली. त्या दिवशी बऱ्याच घरांत पोळ्या जास्त झाल्या.

काही मासे काठाला उताणे आलेच. बघवत नव्हतं. पण दुपारी वारा सुटला, पंप धडधडत राहिला, आणि वर आलेली तोंडं कमी होत गेली. संध्याकाळी पाणी नुसतं सपाट. रिकामं पाणी बघून मला रडू आलं.

"गेले खाली," मी म्हणाले.

"समदे?" गिरजाबाईंनी विचारलं. मी त्यांच्याकडे बघितलं. "तुमी आलात म्हून कळलं, बाई. माझी नजर आता तळ्यापतुर पोचत न्हाई."

नंतर साहेबांनी पाणी थांबून थांबून सोडलं, कारंजं खोलात हलवलं. रोज सकाळी मी गिरजाबाईंना पाणी कुठवर आहे, मासे वर आहेत का, ते सांगायचे. दिव्याचा खोकला डॉक्टरांच्या औषधाने आवरतोय. पण त्या बाईंनी मला तळ्याकडे बघण्याचं काम दिलं, तेव्हापासून माझी रात्रीची धडधड कमी झाली. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

सध्या मी उदगीरला आलेय. दोन दिवस गिरजाबाई फोन उचलत नाहीत. आजी बरी आहे, असं रणजीत म्हणतो, पण त्याला आता दिवसपाळी, दिवसभर त्या एकट्याच असतात. तुम्ही चिंचवड गावठाणातून जाणार असाल, तर गिरणीशेजारचं निळं दार वाजवा. उघडायला वेळ लागेल, थांबा. त्यांनी दोन शब्द सुनावले तर ऐकून घ्या, आणि मला लगेच कळवा.