साहेबांच्या शुभहस्ते बारा शेळ्या

मित्रांनो, विज्ञानाचा अख्खा डोलारा एके काळी माझ्या पोटावर उभा होता. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्याआधी पोटात बिस्किटं असायची, आणि खरं सांगायचं तर तेच काम जास्त मानाचं होतं.

१९६१ साली बोरी अरबजवळच्या एका पशुसंशोधन केंद्रात शेळ्यांच्या जंतांवरचं नवं औषध तपासायचं होतं. जंत मोजायला शेवटी शेळी कापावी लागते. म्हणून संख्याशास्त्र शिकून आलेल्या दीनानाथांनी आठवडाभर कागद खरडले आणि सांगितलं, साठ नकोत, बारा पुरतील. जुळ्यांच्या सहा जोड्या घ्या. जोडीतल्या एकीला औषध, दुसरीला नुसतं पाणी. कोणाला काय, ते चिठ्ठी ठरवील, माणूस नाही. त्या चिठ्ठ्या माझ्यात पडल्या. तांड्यावरच्या बिजलीबाईने बाराच्या बोलीवर शेळ्या दिल्या. करारावर तिचा अंगठा मात्र ‘आवश्यक तितक्या’ या शब्दांखाली घेतला गेला.

चिठ्ठी काढायची म्हणजे कार्यक्रम आलाच. नारळ फुटला, हार पडला, आणि केंद्राचे प्रमुख मधुसूदन साहेबांनी आपल्या शुभहस्ते माझ्यात हात घातला. औषधासाठी मरतुकडीची चिठ्ठी निघाली की साहेब म्हणत, ही शोभत नाही. ती परत टाकून दुसरी काढत. अशा रीतीने सहाही दणकट शेळ्यांना औषध मिळालं. दीनानाथांनी बोलायला तोंड उघडलं, तर कोणीतरी त्यात पेढा घातला.

बाराही कापल्या. औषध रामबाण ठरलं. मग वरून आलेल्या तपासनिसाने वजनांचा तक्ता पाहून विचारलं, सगळ्या दणकट एकाच बाजूला कशा? प्रयोग रद्द झाला. साहेबांनी कारण लिहिलं: शेळ्या कमी पडल्या, आता साठ घ्याव्यात.

बिजलीबाईच्या कळपात तेवढ्याच उरल्या होत्या. ती दीनानाथांपुढे येऊन उभी राहिली.

“दादा, तू तं बाराच म्हणे. त्या मंग कायले मेल्या?”

“कशासाठीच नाही, बाई.”

“दवा चालते का नाही, हे तरी समजलं का?”

“नाही.”

साठ गेल्या. एवढ्या शेळ्या असताना चिठ्ठ्या कशाला, असं साहेब म्हणाले, आणि मी रिकामा झालो. दीनानाथांनी मला बिजलीबाईला देऊन टाकलं. द्यायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मित्रांनो, जीव घेऊनच शिकायचं असेल, तर आधी किती लागतील ते मोजा, आणि चिठ्ठी निघाली की तिचं ऐका. हे तुम्ही करणार नाही, ठाऊक आहे. मग निदान एवढं करा. बिजलीबाई हल्ली माझ्यात मीठ ठेवते. ओला चमचा घालू नका.