रतनबाईंचा फ्रीज आणि वाढीव वॉरंटी

दुसऱ्या दिवशी आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, असल्यामुळं मिरजगावच्या त्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त, त्यामुळं कुणी टीव्ही बघत होतं, कुणी कूलर. कानिफनाथनं फ्रीज पसंत केला. त्याच्या आईनं, रतनबाईंनी, फ्रीजचं दार उघडून-मिटून पाहिलं. आता निघायचं, एवढ्यात काउंटरवरचा करण म्हणाला, "दादा, वाढीव वॉरंटी टाकू ना? कंपनीची एक वर्षाची आहेच. वर आणखी तीन वर्षं मिळतील. त्याचे पैसे वेगळे, पण डोक्याला ताप नाही."

कानिफनाथनं माझ्याकडं पाहिलं. मीही त्यांच्यासोबत आलो होतो; चौथीत मी त्याला शिकवलं होतं. गणित अडलं की तेव्हाही तो असाच बघायचा.

"गुरुजी, घ्यायची का नको?"

मी काही बोलायच्या आतच रतनबाई म्हणाल्या, "घे घे! इचारतो काय? काय वाट्टंल ते कर, पन मला परत लंकीच्या दारात उभं ऱ्हायाचं न्हाई."

त्यांच्या या बोलण्यामागं वर्षभराचा त्रास होता. रतनबाईंना साखरेचा आजार आहे, रोज दोन वेळा इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते औषध गार ठेवावं लागतं. मागच्या वर्षी घरात एक जुना फ्रीज आणला होता, तो एका दुपारी व्होल्टेज वाढून जळाला. तेव्हापासून औषधाच्या बाटल्या शेजारच्या लंकाबाईच्या फ्रीजमध्ये. लंकाबाई घरात एकटीच, मुलगा आणि सून पुण्याला. तोंडानं भारी फटकळ. रतनबाई दारात दिसल्या की ओरडायची, "आल्या बाई दवाखान्यावाल्या!" रतनबाई वरवर हसायच्या, पण त्यांना ते लागायचं. आयुष्यभर ज्या बाईनं दुसऱ्याला ताक दिलं, तिला रोज दुसऱ्याच्या घरात हात पसरल्यासारखं वाटत होतं.

शिकवताना उत्तर सांगून टाकायची मला सवय नाही. सांगितलेलं उत्तर घरी जाईपर्यंत टिकत नाही. म्हणून मी कानिफलाच विचारलं, "आपल्या वस्तीवर फ्रीज कशानं बिघडतो रे?"

"व्होल्टेजनं. शेतीची लाईट आली-गेली की बल्बसुद्धा उडतात."

"करण, व्होल्टेजनं जळालेलं या वॉरंटीत बसतं का?"

करण पोरगा सरळ होता. "नाही बसत, गुरुजी. आतला भाग आपोआप बिघडला तरच."

"बरं. तसा बिघडला, तर दुरुस्तीचा माणूस कुठून येतो?"

"नगरहून. कधी दोन दिवसांत, कधी चार. सणासुदीत जास्त."

"मग कानिफ, तेवढे दिवस आईचं औषध कुठं ठेवशील?"

रतनबाई दुकानाच्या दाराकडं बघायला लागल्या. शेवटी करणनंच वाट काढली. वाढीव वॉरंटी आजच घ्यायला पाहिजे असं नव्हतं, महिनाभरात कधीही घेता येत होती. "घरी नीट विचार करा," तो म्हणाला. मलाही ते बरं वाटलं. कर्जतच्या पेठेत, जिथं दुरुस्तीचा माणूस लवकर पोचतो, तिथं ती सोयीची ठरेलही. वस्तीवरचं गणित वेगळं.

आखितीला सकाळी मला कानिफकडं जेवायचं आमंत्रण होतं. मी पोचलो तेव्हा पूर्वजांच्या नावानं पाण्यानं नवा मातीचा करा भरून ठेवलेला होता, आत आमरसाचा वास सुटला होता आणि वस्तीवरच्या सहादेवची पिकअप नुकतीच अंगणात शिरत होती. पिकअपमध्ये फ्रीज आडवा झोपवलेला.

"आडवा का आणलास रे?" मी विचारलं.

"गुरुजी, रस्ता बघितला का? उभा आनला आसता तर फ्रीज वड्यात आन् मी दवाखान्यात!"

चौघांनी मिळून फ्रीज स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी उभा केला. रेश्मानं, कानिफच्या बायकोनं, त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ वाढवला. रतनबाई पदराखाली एक डबा धरून उभ्या होत्या.

"लाव कानिफ बटन. नैवेद्याच्या आधी सुरू व्हऊ दे."

"थांबा जरा," मी म्हणालो. "आडवा आलाय तो. चार-पाच तास तसाच उभा राहू द्या."

"का वं गुरुजी? मुहूर्त टळंल!"

रतनबाईंची नात मोनिका सहावीत आहे. मी तिला तेलाची बाटली आणायला सांगितली. झाकण घट्ट लावून बाटली आडवी केली, तसं तेल तोंडाशी आलं. उभी केली, तर ते हळूहळू खाली उतरलं, पण काचेला चिकटलेलं बराच वेळ ओघळत राहिलं. "फ्रीजच्या यंत्रातही तेल असतं," मी म्हणालो. "आडवं केलं की ते नळ्यांत जातं. परत जागेवर आलं नाही आणि आपण बटण दाबलं, तर?"

"यंत्र कोरडं फिरंल," मोनिका म्हणाली.

"शाबास."

"आज्जी, दमून आलाय तो. बसू दे त्याला," मोनिका आजीला समजावू लागली. "आन् आखितीला अख्खा दिवस मुहूर्त असतो, तूच म्हणतीस ना?"

सगळे हसले, पण रतनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदराखालचा डबा पुढं केला. आत औषधाच्या चार बाटल्या होत्या. नव्या फ्रीजमध्ये पहिली वस्तू म्हणून आपलं औषधच ठेवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. म्हणून सकाळीच लंकाबाईकडं जाऊन सगळ्या बाटल्या काढून आणल्या होत्या.

"नुस्त्या आनल्या न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या. "तिला बोलून आले. म्हनलं, घे बाई, सुटलीस. आता तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा न्हाई."

बाहेर वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. फ्रीज संध्याकाळी सुरू होणार, आणि गार व्हायला रात्र होणार. तोवर ही औषधं उकाड्यात ठेवता येणार नव्हती. रेश्मानं डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं. रतनबाईंनी फडक्याला हात लावून पाहिला, ते आत्ताच कोमट झालं होतं.

"गुरुजी, तुमी चला संगं," त्या शेवटी म्हणाल्या. "एकटीनं जायाला मला तोंड न्हाई."

लंकाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. आम्हाला पाहून ती उठली नाही.

"काय गं रतने? पाय लागायचा न्हवता ना?"

"फ्रीज आडवा आला," रतनबाई म्हणाल्या. "रातीपतुर बाटल्या ठिव."

"ठिव की. कप्पा रिकामाच हाय. मला काय मिठाई ठिवायचीय त्यात?"

फ्रीजच्या दारातला तो कप्पा खरंच रिकामा होता. पुसून ठेवलेला. रतनबाईंनी बाटल्या लावल्या. लंकाबाईनं न विचारता चुलीवर चहाचं आधण ठेवलं. रतनबाईंचा बिनसाखरेचा वेगळा.

"सकाळी तू गेलीस," ती भांड्यात बघत म्हणाली, "आन् दोन कपाचा चहा करून बसले. सवय, दुसरं काय. वतून दिला."

रतनबाई चुलीपाशी तिच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मग दवाखान्यावाली म्हून का वरडतीस रोज?"

"मग काय ओवाळू तुला? येती का न्हाई, वाट बघती मी. आली की तोंडातून तेच निघतं."

चहा झाला. मी निरोप घेऊन उठलो. रतनबाई उठल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "लंके, दोन बाटल्या तुझ्यातच ऱ्हाऊ दे. कायमच्या. दोन माझ्यात. माझा बंद पडला तर तुझा, तुझा बंद पडला तर माझा."

"आन् सकाळचं औषिध?"

"हिथलं घीन."

घरी परतल्यावर कानिफनं विचारलं, "आई, वॉरंटीचं काय करायचं?"

"ती ऱ्हाऊ दे. ते व्होल्टेज आवरायचं यंत्र मिळतं ना, ते आन." मग माझ्याकडं वळून, थोडं दबकत, त्यांनी विचारलं, "बरूबर हाय का, गुरुजी?"

"तुमचं गणित आहे, रतनबाई. तुम्हीच सोडवलंत."

कानिफ दुपारीच मिरजगावला जाऊन स्टॅबिलायझर घेऊन आला. संध्याकाळी सगळे फ्रीजपुढं जमले. लंकाबाई आमरसाची वाटी झाकून घेऊन आली होती.

रतनबाईंनी तिचा हात धरून बटणापाशी नेला. "तूच दाब."

"नगं गं बाई! जळाला तर सगळ्या वस्तीत माझ्या नावानं बोंब मारशील."

"मारीन की. आन् मंग तुझ्याकडंच येईन."

लंकाबाईनं बटण दाबलं. फ्रीज घुर्रर्र करून सुरू झाला, आणि मोनिकानं पहिली वस्तू म्हणून आमरसाची ती वाटी आत ठेवली.