साखळीला घंटा कुणी मागितली होती

मी एक जुनी लोखंडी साखळी आहे आणि गेल्या पौर्णिमेला मी तुटले. पण कुणालाही विचारा, तसं काही झालेलंच नाही. तेव्हा मीही अखंड असल्यासारखी सांगते.

मित्रांनो, लोहाराने मला भट्टीत घडवलं आणि नदीच्या पायऱ्यांवर दोन खांबांना अडकवलं. काम सोपं होतं. पौर्णिमेला स्नानाला उतरणाऱ्यांनी मला धरायचं आणि मी त्यांना सोडायचं नाही. "साखळी आहे म्हणून बरं," लोक म्हणायचे. तेवढ्यावर मी खूश. मूर्खच मी.

पाण्याने माझी मधली कडी झिजली. ते पहिल्यांदा दिसलं काकूंना. काकू दर पौर्णिमेला निर्जळी उपास करायच्या आणि गरगरत्या डोक्याने माझ्याच आधारावर बुडी मारायच्या. त्यांचा पुतण्या वेल्डर. तो यंत्र घेऊन आला, तेव्हा घाटाचा कारभार पाहणारे कापडवाले शेठ पायरीवर दान वाटत होते.

"आज पौर्णिमा. आज साखळीला आग लावतोस?"

तो दुसऱ्या दिवशी आला.

"आज कोण येतंय आंघोळीला? पौर्णिमेला बघू."

असं कितीतरी महिने चाललं. शेवटी शेठना माझी दया आली आणि त्यांनी मलाच दान दिलं. पितळी घंटा, त्यांचं नाव कोरलेली. बांधली झिजलेल्या कडीलाच, कारण तिथे फोटो बरा येतो. मग शेठच्या व्याह्यांनी एक बांधली, व्याह्यांच्या साडूंनी एक. आजाऱ्याने औषध मागावं, तर लोकांनी त्याच्या गळ्यात हंडे अडकवावेत, तशी माझी गत.

"काकू, ती साखळी धरू नकोस," पुतण्या म्हणाला.

"मग काय चंद्राला धरू?"

काकू उतरल्या. पाठोपाठ तोही कुरकुरत कमरेएवढ्या पाण्यात उतरला. काकूंनी बुडी मारली, भोवळ आली, सगळा भार माझ्यावर आला आणि मी तुटले. सगळ्या घंटा एकदम वाजल्या. लोकांना वाटलं आरती सुरू झाली. काठावरच्या झाडून सगळ्यांनी हात जोडले. न जोडलेले हात एकट्या पुतण्याचे, म्हणून काकूंची वेणी त्यांत सापडली.

"वेणी ओढतोस, मेल्या?" वर आल्यावर काकू म्हणाल्या.

"पाहिलंत," शेठ म्हणाले, "घंटांनी वाचवलं."

आता मला सुतळीने बांधलंय. तुटल्या जागी हळदकुंकू आहे. साखळी जागृत आहे म्हणे, तिला वेल्डिंग चालत नाही. गर्दी दुप्पट झाली आहे आणि काकूंनी पुढचा उपास बोलून ठेवला आहे.

मित्रांनो, ज्याच्या आधाराने पाण्यात उतरता, त्याच्या पाया पडू नका. त्याची कडी तपासा. मला घंटा नको, कुंकू नको. दान करायचंच असेल, तर त्या पोराला अर्धा तास द्या.

ते होणार नाही, हे मला ठाऊक आहे. सबब माननीय चंद्र यांस विनंती करण्यात येते, की सदर कडी जोडली जाईपर्यंत त्यांनी चतुर्दशीच्या पुढे वाढू नये.