मसूदाआपांचं दुकान उघडं आहे

शटर वर गेलं तसं आतलं पाणी उंबऱ्यावरून मसूदाआपांच्या चपलांवर आलं. सून नाझिश आत धावणार, तोच आपांनी तिचा हात धरला.

"थांब. आधी मेन स्विच."

स्विच बाहेरच्या भिंतीवर होता. तो खाली ओढून त्या आत गेल्या. आखाती देशातल्या हूरा भागात, हॉटेलांच्या मागच्या गल्लीतलं हे शिवणकामाचं दुकान नवऱ्याने भाड्याच्या गाळ्यात थाटलेलं. तो गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, विका आणि रत्नागिरीला परत या. आपांनी विकलं नव्हतं. आता वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता आणि दुकानाचं छत मधोमध पोट सुटल्यासारखं खाली लोंबत होतं. आपांनी शटर ओढायची आकडी त्या फुगवट्यात खुपसली. बादलीभर पाणी पडलं, मग आणखी, आणि शेवटी छताचा जिप्समचा अख्खा तुकडाच चिखल होऊन मशीनवर कोसळला.

नुकसान फडताळात होतं. गिऱ्हाईक लाईबाचा लग्नाचा घेरदार शरारा, मोतिया रंगाचा, सगळं जरीकाम झालेला. त्याच्यावर मरून अस्तराचं ठाण ठेवलेलं होतं. त्याचा रंग सुटून शराऱ्यावर उतरला होता.

नाझिश स्टुलावर बसली. "अम्मी, पुढच्या शुक्रवारी निकाह हाय तिचा."

"माहीत हाय. ऊठ. कपडा उन्हात काढूया."

दोघी ओली ठाणी पिळून पदपथाच्या रेलिंगवर टाकत होत्या, तेव्हा शिरीष आला. तो पुण्याचा, इमारत सांभाळणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता. त्याने आत डोकावून छताकडे बघितलं आणि चेहरा पाडला.

"माफ करा आपा. वरचं पाणी बंद केलंय. पण हे छत, वायरिंग, सगळं उतरवावं लागणार. तुम्ही दुकान रिकामं करा, चावी माझ्याकडे द्या. दोन महिने धरा."

"दोन महिन्यांनी दुकान माझाच असेल?"

शेजारचं अर्शदचं सलून याच वाटेने गेलं होतं. त्याच्याकडे गळती झाली, त्याने चावी दिली, आणि दुरुस्ती संपली तेव्हा तिथे काचेची दारं आणि कॉफी शॉप होतं. अर्शद आता दूर उम्म अल हस्सम भागात दुसऱ्याच्या सलूनमध्ये कात्री चालवतो.

"चावी नाय देणार," आपा म्हणाल्या. "तुमची माणसा येऊ देत. मागे काम करू देत. आम्ही पुढे बसतो."

"कंपनी ऐकणार नाही. तुम्ही आत असाल तर लाइट जोडून मिळणार नाही."

"मग नको जोडूस. उजेड दारातून येतो, आणि पायाची मशीन विजेवर चालत नाय."

ती जुनी मशीन कोपऱ्यात कपड्यांच्या ढिगाखाली होती. दोघींनी ती ओढत दाराशी आणली, पुसली, तेल घातलं. फेब्रुवारीचे दिवस होते, एसीवाचून काही अडत नव्हतं. नाझिशचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

"अम्मी, आपण परक्या देशात. उगाच वैर कशाला?"

"वैर मी नाय करत. मी शिवते."

संध्याकाळी आपांनी लाईबाला तिच्या आईसह बोलावून घेतलं आणि शरारा तिच्यासमोर पसरला. मुलीचे डोळे भरून आले. तिची आई चिडली. तिने दोन शब्द सुनावले, आपांनी ते ऐकून घेतले.

"चूक माझी. तो ठाण मी त्याच्यावर ठेवलेला. वरचा भाग वाचलाय. खालचा घेर नवा करते, जरीकाम सगळा उसवून परत लावते. जमेल. पण झोप नाय मिळायची मला."

लाईबाने नाक पुसलं. "जरीकाम उसवायला मला येईल. शिकवा." आणि ती खाली चटईवर बसली. आईही चपला काढून तिच्याशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी कामगार आले. त्यांच्या हातात हातोड्यांबरोबर शिडी होती, आणि शिडी त्यांनी आत नेली नाही, बाहेर पाटीखाली लावली. पाटी उतरवायचा हुकूम होता. आपांनी खुर्ची उचलली, शिडीच्या पहिल्या पायरीशी टेकवली आणि तिथे बसून काज करू लागल्या. शिडीवाला कामगार हसला, मग वैतागला, मग त्याने फोन लावला.

शिरीष आला तेव्हा गल्लीतले चार-सहाजण बघत उभे होते.

"छत आत हाय, शिरीष. पाटी कशाला काढतोस?"

तो बाजूला जाऊन ऑफिसशी बोलू लागला. आधी हळू, मग मोठ्याने. "नाही सर, टेनंट जात नाहीत. नाही, मी नाही उचलून बाहेर काढणार." परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याने कामगाराला सांगितलं, "शिडी आत ने."

पुढचे दिवस धुळीचे गेले. मध्ये प्लास्टिकचा पडदा, त्यामागे ठोकाठोक, पुढे मशीनची खडखड. आपा खोकत, पाणी पीत आणि पुन्हा पायडल मारत. शरारा वेळेत झाला. घेरावरचं जरीकाम आधीपेक्षा दाट बसलं होतं. शुक्रवारी सकाळी त्या स्वतः तो घेऊन झिंज भागात लाईबाच्या घरी गेल्या. दुकानात नाझिश एकटी होती.

तेवढ्यात सूट घातलेला एक माणूस आला. कंपनीतून, पण शिरीषच्या वरचा. छताचं नवं प्लास्टर बघत त्याने हिंदीत विचारलं, मालकीणबाई कुठे आहेत, जागेबद्दल बोलायचं आहे, दुसरीकडे चांगली जागा देऊ.

आपा परत आल्या तेव्हा तो माणूस चहा संपवून उठत होता. नाझिश दोऱ्याचं रीळ भरत होती.

"काय म्हणत होता?" तो गेल्यावर आपांनी विचारलं.

"जागा सोडा म्हणत होता."

"मग?"

"मी म्हटला, खलास, नाय सोडणार. कपडा शिवायचा असेल तर माप देऊन जा." नाझिशने दात लावून दोरा तोडला. "बाहीचा माप देऊन गेलाय."