खंडेनवमीचा हिरवा रंग

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे आणि सध्या माझं डोकं लई तापलेलं आहे. मित्रांनो, गोड गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडं जा.

शेंद्र्याजवळच्या एका गावात सुलेखाबाईंच्या पिठाच्या गिरणीत मी उभा आहे. वीज गेली की माझ्या चाकावर पट्टा चढतो आणि जातं फिरायला लागतं. बाई माझं मनापासून करतात. काळं पडलेलं ऑइल बदलतात, एअर फिल्टर झाडतात, मी थंड असतानाच झडपांच्या टॅपेटची फट तपासतात. माझा आवाज जरा बदलला तरी दळण सोडून धावत येतात.

आणि दुसरा तो बद्रीनाथ! बाईंचा धाकटा दीर. गिरणीच्या जागेत त्याचा निम्मा वाटा. त्याला गिरणी मोडून कंपनीतल्या कामगारांसाठी खोल्या काढायच्यात, म्हणून मी त्याच्या डोळ्यांत खुपतो. वर्षभर जाता-येता मला लाथा घालतो, पण खंडेनवमी आली की ह्याची भक्ती उतू जाते. हळदकुंकू काय, झेंडूचा हार काय! यंदा बाई माहेरी अजिंठ्याला गेलेल्या, म्हणजे ह्याला रान मोकळं. पठ्ठ्यानं मला नखशिखांत हिरवा ऑइलपेंट फासला. डिझेलच्या टाकीचं झाकणसुद्धा सोडलं नाही. त्या झाकणाला हवा आत जायला एक बारीक भोक असतं, ते बुजलं. टाकीत हवा शिरली नाही की डिझेल खाली उतरत नाही. माझा गळाच आवळला मेल्यानं!

दसरा झाला, बाई माहेराहून परतल्या आणि वीज गेली. बाईंनी हँडल मारलं, मी थोडा चाललो आणि बंद पडलो. त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, तरी तेच. दळणाला आलेल्या बायका डबे उचलून निघून गेल्या. बाईंनी डिझेल बघायला झाकण काढलं, तेवढ्यात बद्रीनाथ आला. सोबत भंगारवाले साहेबराव.

"वहिनी, बास झालं आता. ह्या डबड्याचं काय लोणचं घालता? टेम्पो बाहेर उभा हाय."

"हात तर लावून बघा, भाऊजी! ही गिरणी गेली तर मी काय तुमच्या तोंडाकडं बघत बसू व्हय?"

बाईंनी झाकण पोत्यावर आदळलं आणि रागारागात हँडल मारलं. मी सुरू झालो. दोघांचं भांडण पेटलं, थेट वाटणीपर्यंत गेलं. त्यांची तोंडं थांबेनात आणि मीही थांबेना. साहेबराव कौतुकानं बघत राहिले.

"अहो, हे तर मस्त चालू राह्यलंय. ह्यात भंगार कुठंय?"

बद्रीनाथ भडकला. "टाकीत पीठ उडू राह्यलंय, दिसत नाय व्हय?" म्हणत त्यानं झाकण गच्च आवळलं. थोड्या वेळात मी आचके देत गप झालो.

बाईंनी झाकण काढलं, उलटंपालटं केलं, नखानं रंग खरवडला.

"भाऊजी, ह्या भोकावर रंग कोणी फासला?"

"पूजा केली तर चुकलं व्हय?"

"एक दिवस हात जोडायचे अन् वर्षभर लाथा घालायच्या? आजपासून ह्याला हात लावायचा नाय. पूजेलाबी नाय!"

साहेबराव रिकामा टेम्पो घेऊन गेले. बाईंनी तारेनं भोक मोकळं केलं, मला सुरू केलं आणि पट्टा चढवला.

मित्रांनो, यंत्रांना फुलं वाहू नका. ऑइल बघा, फिल्टर बघा, आमची भोकं बुजवू नका. एवढं जमत नसेल तर आमच्यासमोर हातही जोडू नका. तो मान मला नको.

बद्रीनाथ अजून दारात उभा होता. त्याच्या तोंडावर काळा धूर सोडायची मला लई इच्छा होती. पण करणार काय? बाईंनी मला असा ट्यून करून ठेवलाय की धूरच निघत नाही.