मिठागराचा ठसा

नोकरीच्या पहिल्याच सकाळी किमयाने घोळ घातला. कासू गावातल्या घरी, पडवीत लॅपटॉप मांडून तिने कामाचे सगळे प्रोग्रॅम बसवले आणि कंपनीच्या कोडपर्यंत पोचायची चावी तयार केली. चावी म्हणजे दोन फाइली: एक कंपनीला द्यायची, दुसरी कोणालाही दाखवायची नाही. किमयाबाईंनी घाईत नेमकी दुसरी टीमच्या ग्रुपवर टाकली.

चूक कळली तेव्हा तिने मेसेज पुसला. कोणी पाहिला नसावा. गप्प बसलं तर निभावेल, सांगितलं तर पहिल्या दिवशीच नोकरी जाईल, असं ती शेजारी सुपारी कातरत बसलेल्या बापाला म्हणाली. दोन फाइलींची भानगड ऐकून काळुराम म्हणाला, हा तर आपला ठसा.

काळुराम तीस वर्षं मिठागराचा राखणदार होता. संध्याकाळी मिठाच्या प्रत्येक राशीवर तो लाकडी ठसा दाबायचा. कोणी मीठ उचललं की नक्षी मोडायची. नक्षी साऱ्या गावाने बघावी, ठसा मात्र त्याच्याच कमरेला. किमयाने लहानपणी तो किती वेळा मागितला, पण तिचे सगळे हट्ट पुरवणारा बाप तेवढ्याला बधला नाही. त्या पांढऱ्या राशी, बापामागे खारट पायांनी फिरणं तिला आठवलं.

"एकदा तुझ्या सखामामाकडं अर्धा दिवस दिला व्हता," काळुराम म्हणाला. "मीठ चिमूटभर हाललं नाय. तरी शेटला सांगितलं, ठसा चुलीत घातला न् नवा कोरला. दुसऱ्याच्या हातात जाऊन आला, तो आपला ऱ्हायला नाय गो."

किमयाने टीमप्रमुख निमिषला कळवलं. लगेच सांगितलंस ते बरं केलंस, ती चावी टाकून दे, नवी बनव, एवढंच त्याचं उत्तर आलं.

नवी चावी बनली तसा पडद्यावर एक चौकोन उमटला, आत ठिपके आणि चिन्हं: प्रत्येक चावीची वेगळी असते ती नक्षी. काळुराम चष्मा लावून वाकला, नक्षी बराच वेळ बघत राहिला. मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेला ठसा घेऊन आला. मिठागर बंद पडून अकरा वर्षं झाली होती.

"घे. आता तुझ्याकडं ठेव."

तिचा हात पुढे गेला, पण तिने तो मागे घेतला.

"दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाय, बाबा. आत्ताच सांगितलं ना."

काळुरामने फडकं बाजूला ठेवलं. त्याने ठसा कमरेला खोवला, अकरा वर्षांनी, आणि पुन्हा सुपारी कातरायला बसला.