कोमट पाणी

घरातल्या धाकट्या सुनेने, धाकटीने, हौदात कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसून मागे ओढला. सकाळी तिने पाणी अंगाइतकंच कोमट ठेवलं होतं. आता वाफा निघत होत्या. आतली सहा कातडी आखडून पापडासारखी झाली होती. हौदाखाली नुकतीच सारलेली लाकडं धडधडून पेटली होती आणि थोरला दीर दारात उभा राहून तंबाखू मळत होता.

नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला दोन हौद आले होते. घरात कातडं मऊ करायला कबुतरांची शीट पाण्यात कालवून त्यात दोन-तीन दिवस भिजवायचे. घाण इतकी, की माणूस जेवायला बसला तरी हाताचा वास जायचा नाही. धाकटीने चार दिवस शिकून शिटेचंच काम करणारी एन्झाइमची पावडर आणली होती. तीन तासांत काम होतं, फक्त पाणी फार तापलं की सगळं वाया. हे तिनेच भोळेपणाने दिराला सांगितलं होतं.

"भावजी, लाकडं तुम्ही सारली?"

"थंडी होती. म्हटलं, तुझ्या पावडरीला ऊब मिळावी."

ती रडली नाही. केस सुटायला चुन्यात घातलेली आणखी सहा कातडी काढली, चुना धुऊन टाकला, नव्या कोमट पाण्यात पावडर घालून ती भिजवली आणि हौदाला पाठ टेकून तिथेच बसली. जेवायलाही उठली नाही. तिसऱ्या तासाला कातड्यावर अंगठा दाबला. ठसा उमटला, तसाच राहिला. झालं होतं.

पुढे ती कातडी बाभळीची साल घालून पकवली, वाळवली. जोडे शिवणारा माल बघायला आला. थोरल्याचे गठ्ठे बाजूला सारून त्याने धाकटीचं कातडं मुठीत चुरगळलं, सोडलं. एकही सुरकुती राहिली नाही.

"हे कुणाचं?"

"आमचंच. वडिलांपासूनची पद्धत," थोरला म्हणाला.

"मग सांगा की भावजी, पाणी किती गरम ठेवता?" धाकटीने शांतपणे विचारलं.

थोरला वळून आपले गठ्ठे बांधू लागला. जोडेवाल्याने सहाच्या सहा कातडी उचलली आणि पुढचं काम धाकटीला सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात मधोमध काटेरी तार ठोकलेली होती. दोघांची एकच विहीर दिराच्या बाजूला गेली होती. तो काठावर बसून तिच्याकडेच बघत होता.

धाकटीने दोन घागरी घेतल्या आणि त्याच्यासमोरून ओढ्याकडे निघाली. हौद भरायला चाळीस खेपा लागणार होत्या.